‘पुरावा सापडला नाही’ हे वाक्य कसं वाचायचं? मनासच्या इंधनाचा अहवाल

ऊर्जा, भ्रष्टाचार आणि सत्तांतर हे तीन शब्द एकत्र असलेला विषय संशोधनासाठी घ्यायची इच्छा अनेकांना असते. विषय चमकदार आहे, मुलाखतीत सांगायलाही बरा वाटतो. पण प्रस्ताव लिहायला बसलं की दुसऱ्याच पानावर गाडी अडते: पुरावा कुठून आणायचा? ज्यांनी पैसे खाल्ले ते पावती देत नाहीत. मग बहुतेक जण काय करतात, तर एखादा मोठा सरकारी अहवाल शोधतात आणि त्यातली वाक्यं उचलतात. आज अशाच एका अहवालाबद्दल बोलू. तो चांगला आहे, भरपूर उद्धृत होतो, आणि माझ्या मते बऱ्याचदा चुकीच्या कामासाठी वापरला जातो.

अहवालाचं नाव ‘मिस्टरी ॲट मनास’. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या राष्ट्रीय सुरक्षा आणि परराष्ट्र व्यवहार उपसमितीच्या बहुमत पक्षाच्या कर्मचाऱ्यांनी तो तयार केला. उपसमितीचे अध्यक्ष होते जॉन टियर्नी. विषय, किर्गिझस्तानातल्या मनास विमानतळावरच्या अमेरिकी तळाला होणारा इंधनपुरवठा.

किर्गिझस्तान म्हटलं की आपल्याकडे आता पटकन एमबीबीएस आठवतं. महाराष्ट्रातली बरीच मुलं बिश्केकला शिकायला जातात. मुलगा उतरतो तो विमानतळ हाच. डिसेंबर २००१ पासून जून २०१४ पर्यंत याच धावपट्टीवरून अफगाणिस्तानवर घिरट्या घालणाऱ्या विमानांना हवेत इंधन भरणारे अमेरिकी टँकर उडत होते. म्हणजे हा तळ मुळात इंधनाचाच तळ. सैनिक इथून ये-जा करायचे, पण तळाचा जीव होता तो टाक्यांमधल्या रॉकेलसदृश द्रवात. विमानाचं हे इंधन यायचं रशियातल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून, रेल्वेच्या टाक्यांमधून. अमेरिकेचं युद्ध, रशियाचं तेल आणि मध्ये किर्गिझ दाखला, असा हा मामला.

आता थोडी पार्श्वभूमी, पटकन. मार्च २००५ मध्ये अस्कार अकायेव या अध्यक्षांना लोकांनी हाकललं. त्यानंतर बाहेर आलं की तळाला इंधन पुरवण्याची पोटकंत्राटं दोन स्थानिक कंपन्यांकडे होती, एक त्यांच्या मुलाशी आणि दुसरी जावयाशी जोडलेली. दोघींकडे मिळून सुमारे १२ कोटी डॉलर गेले होते. नवे अध्यक्ष आले कुर्मानबेक बाकियेव. तेही ७ एप्रिल २०१० ला पळाले. बिश्केकच्या रस्त्यांवर ऐंशीहून जास्त माणसं गोळ्यांनी मेली. आणि पुन्हा तोच आरोप: इंधनाचे पैसे घरात, या वेळी धाकटा मुलगा माक्सिम याच्याकडे. दोन अध्यक्ष, दोन उठाव, एकच तळ. पत्रकारांना गोष्ट हातात आयती मिळाली. वॉशिंग्टनमध्येही प्रश्न पडला की आपल्याच पैशाने आपल्याच मित्राची खुर्ची उलटली की काय. २२ एप्रिलला, म्हणजे दोन आठवड्यांत, उपसमितीने सुनावणी घेतली. तिच्या शीर्षकातच इंधन, कंत्राटं आणि क्रांती हे शब्द शेजारी शेजारी होते. हे लक्षात ठेवा. चौकशी सुरू होण्याआधीच तिच्या नावाने कारण आणि परिणाम एका ओळीत बसवले होते.

अहवालाचं खरं कर्तृत्व आधी मान्य करू. मीना कॉर्प आणि रेड स्टार या दोन कंपन्या तळाला इंधन पुरवत होत्या. नोंदणी जिब्राल्टरची. एकूण कंत्राटं एक अब्ज डॉलरच्या वर. २००९ मधलं एक कंत्राट ७२ कोटी ९० लाख डॉलरचं, तेही राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन स्पर्धेशिवाय दिलेलं. आणि या कंपन्यांचे मालक कोण, हे पैसे देणाऱ्या पेंटागॉनच्या इंधनखरेदी कार्यालयाने धड विचारलंही नव्हतं. टाकीत तेल येतंय ना, मग झालं. उपसमितीने कंपन्यांमागच्या माणसांची नावं कागदावर आणली: डग्लस एडलमन हा अमेरिकी आणि एर्किन बेकबोलोतोव हा किर्गिझ. कंपनीच्या नावामागची माणसं शोधणं किती कटकटीचं असतं हे ज्यांनी कधी प्रयत्न केलाय त्यांना सांगायला नको.

त्याहून मोलाचा भाग आहे दाखल्यांचा. हा नीट समजून घ्या, कारण ‘संदिग्ध व्यवहार’ म्हणजे प्रत्यक्षात काय, हे इथे दिसतं. रशियातून येणारं हे इंधन लष्करी कामासाठी वापरायचं नाही, अशी बंधनं आहेत असं समजलं जात होतं. मग दोन्ही कंपन्यांनी किर्गिझ बाजूकडून दाखले मिळवले की माल देशातल्या नागरी वापरासाठी आहे. आता विचार करा. छोटा डोंगराळ देश, त्याची नागरी विमानं मोजकीच. आणि दाखल्यांवर इतकं इंधन की ती विमानं रात्रंदिवस उडाली तरी संपू नये. विकणाऱ्याला, दाखला देणाऱ्याला, विकत घेणाऱ्याला, सगळ्यांना हे कळत असणारच. अहवाल म्हणतो की अमेरिकी अधिकाऱ्यांनाही या दाखल्यांची माहिती होती. थोडक्यात, सगळ्यांनी मिळून सांभाळलेलं एक खोटं. ते टिकलं, कारण प्रत्येकाला त्यातून काहीतरी मिळत होतं. आपल्याकडे लग्नात कोणीच बघत नसलेला पण सगळ्यांना ठाऊक असलेला आहेराचा हिशेब असतो ना, तसं काहीसं. फक्त इथे रक्कम कोटींमध्ये आणि साक्षीला युद्ध.

या जागी अहवाल उत्तम आहे. कंत्राट, दाखला, ईमेल, जबाब अशा एकेका कागदावरून तो पुढे जातो. तुम्हाला दस्तऐवजांवर काम करायचं असेल तर हा भाग दोनदा वाचा.

मग येतं ते प्रसिद्ध वाक्य. माक्सिम बाकियेवचे या कंपन्यांशी आर्थिक संबंध असल्याचा विश्वासार्ह पुरावा उपसमितीला मिळाला नाही. झालं. या एका वाक्यावरून वाचकांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बघा, सगळ्या अफवा होत्या. दुसरा म्हणतो, अमेरिकेने स्वतःची लक्तरं झाकली. मी वाचलेल्या अनेक प्रबंधांत आणि लेखांत यातलं एक ना एक गृहीत धरलेलं दिसतं, बहुतेक वेळा तळटिपेत, म्हणजे जिथे कोणी वाद घालायला येत नाही अशा ठिकाणी.

मला दोन्ही वाचनं आळशी वाटतात. ‘पुरावा मिळाला नाही’ या वाक्याचा अर्थ ते वाक्य लिहिणाऱ्याच्या हातात कोणती हत्यारं होती यावर ठरतो. उपसमितीचा अधिकार चालतो अमेरिकी सरकारच्या कागदांवर आणि अमेरिकी कंत्राटदारांवर. बिश्केकमधल्या बँकांवर नाही. माक्सिम जून २०१० मध्ये ब्रिटनला पोहोचला आणि तिथे आश्रय मागितला. चौकशी आठ महिन्यांची. एवढ्या जाळ्यात जे मासे येतात तेच अहवालात येणार. म्हणून त्या वाक्याचं प्रामाणिक रूप असं होतं: कंत्राटदार आणि पेंटागॉनच्या बाजूने बघितलं तर कंपनीच्या मालकीत अध्यक्षांचा मुलगा दिसत नाही. एवढंच. हे काही थोडं नाही. कंपनी त्याचीच आहे हा त्या काळातला सर्वात लोकप्रिय आरोप इथे बराच सैल पडतो. पण ‘काही खाल्लं नाही’ इथपर्यंत तुम्हाला या वाक्यावर बसून जाता येत नाही.

आणि मालकी हा एकच मार्ग थोडाच असतो? अकायेवच्या वेळचं आठवा. तिथे बनावट कंपनी नव्हती, चोरखातं नव्हतं. विमानतळावर इंधनाची सोय ज्यांच्या ताब्यात, त्यांना रीतसर पोटकंत्राट. पैसे देणारा म्हणू शकतो, आम्ही बाजारात जो होता त्याच्याकडून घेतलं. अलेक्झांडर कूली यांचं ‘ग्रेट गेम्स, लोकल रूल्स’ हे २०१२ चं पुस्तक इथे उपयोगी पडतं. मोठ्या सत्ता मध्य आशियात पैसे घेऊन येतात, पण खेळाचे नियम तिथले राज्यकर्ते ठरवतात, असं त्यांचं म्हणणं. खुर्ची टिकवणं, आपल्या माणसांना वाटा देणं आणि परक्यांमध्ये दलाली करणं हे ते नियम. या चौकटीत बघितलं की लाच सापडली की नाही हा प्रश्न जरा मागे सरकतो. कोणाला कोणत्या दारावर बसवलं होतं, हा प्रश्न पुढे येतो. योहान एंगवाल यांचं ‘द स्टेट ॲज इन्व्हेस्टमेंट मार्केट’ आणखी एक पाऊल टाकतं. तिथे सरकारी पद हीच गुंतवणूक आहे, विकत घ्यायची आणि वसूल करायची. वाचा, पण एक सावधानता: ही चौकट इतकी नीट बसते की मग सगळंच तिच्यात बसायला लागतं. जी चौकट कधीच नाही म्हणत नाही तिच्यावर थोडा संशय असू द्यावा.

एक गंमत बघा. २०२४ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने एडलमनवर करचुकवेगिरीचे आरोप ठेवले. या कंत्राटांतून आलेल्या ३५ कोटी डॉलरहून जास्त उत्पन्नावरचा कर बुडवल्याचा आरोप. म्हणजे २०१० मध्ये एका समितीच्या हाती जे लागलं नव्हतं त्याच्या शेजारचा कागद चौदा वर्षांनी दुसऱ्याच खात्याच्या फाईलमधून बाहेर आला. तुमच्या विषयातला पुरावा तुमच्या विषयाच्या नावाच्या फाईलमध्येच असेल असं नाही.

आता माझी मुख्य तक्रार. ती अहवालापेक्षा अहवाल उद्धृत करणाऱ्यांबद्दल जास्त आहे. एप्रिल २०१० चा उठाव का झाला, या प्रश्नाला उत्तर म्हणून हा अहवाल दिला जातो. तिथे तो अजिबात पुरत नाही.

कारण बिश्केकमधल्या किंवा नारीनमधल्या घरात जेट इंधन येत नाही. वीज येते. आणि त्या हिवाळ्यात लोकांच्या हातात जो कागद होता तो विजेच्या बिलाचा.

किर्गिझस्तानची बहुतांश वीज पाण्यावर तयार होते. सगळ्यात मोठा आधार नारीन नदीवरचा तोक्तोगुल जलाशय. साठवणक्षमता साडेएकोणीस अब्ज घनमीटर. २००८ च्या सुमारास तो धोकादायक पातळीपर्यंत उतरला. हिवाळ्यात ठरवून वीज बंद ठेवण्याची वेळ आली. बाहेर उणे वीस, आणि घरात अंधार. लोकांमध्ये चर्चा ही की पाणी कमी झालं नाही, सत्तेतल्यांनी ते विकलं, म्हणजे वीज शेजारच्या देशाला दिली आणि पैसे खिशात घातले. दुष्काळ आणि लबाडी यातलं किती काय, यावर वाद होऊ शकतो. पण ही चर्चा स्वतःच एक राजकीय वस्तुस्थिती होती.

त्यावर १ जानेवारी २०१० पासून घरगुती विजेचा दर युनिटला ७० तीयिनवरून दीड सोम झाला, दुपटीहून जास्त. जुलैपासून १ सोम ९० तीयिन करण्याचं आधीच जाहीर. घरं गरम ठेवण्याचे दर तर त्याहून कितीतरी पट वाढले. त्याच सुमारास सेव्हेरएलेक्ट्रो ही वीजवितरण कंपनी विकली गेली, अवघ्या ३० लाख डॉलरला. बिश्केक, चुय आणि तलास हा तिचा इलाखा. घेणारी कंपनी माक्सिमच्या वर्तुळातली असा सर्रास आरोप होता. तेव्हा तो गुंतवणूक आणि विकास बघणाऱ्या एका केंद्रीय संस्थेचा प्रमुख होता, वडिलांनीच नेमलेला. दर वाढवले आणि मग कंपनी स्वस्तात दिली, हा क्रम समजायला कोणाला अर्थशास्त्राची पदवी लागली नाही.

१० मार्चला नारीनमध्ये लोक रस्त्यावर आले. डोंगरातलं अतिथंड गाव. मागणी दर कमी करा. १७ मार्चला बिश्केकमध्ये विरोधकांचा मेळावा झाला. मागण्यांमध्ये दरवाढ रद्द करणं होतं, विकलेल्या कंपन्या परत घेणं होतं, नातेवाईकांना पदांवरून काढणं होतं. आणि सत्ता बदलल्यावर हंगामी सरकारने लगेच केलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे विजेचा दर पुन्हा ७० तीयिनवर आणणं. रोझा ओतुनबायेवा यांच्या सरकारला लोक कशासाठी आले होते ते बरोबर कळलं होतं.

अमांडा वूडन यांचा २०१४ चा ‘सेंट्रल एशियन सर्व्हे’मधला लेख हेच मांडतो. त्या याला जलविद्युत क्रांती म्हणतात. लोकांनी अंधार, पाणी आणि दर यांची जुळणी करून सत्तेबद्दल काय अर्थ लावला, हा त्यांचा विषय. मला वाटतं एप्रिल २०१० वर लिहिणाऱ्याने टियर्नींच्या अहवालाआधी हा लेख वाचावा.

मग इंधनाचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो कूली किंवा अहवाल सांगतात त्याहून थेट आहे असं मला वाटतं. फेब्रुवारी २००९ मध्ये बाकियेव मॉस्कोला गेले आणि तिथूनच जाहीर केलं की तळ बंद करणार. त्याच भेटीत रशियाने २ अब्ज डॉलरहून जास्त मदत कबूल केली. त्यातले १७० कोटी कशासाठी? कंबाराता-१ या धरणासाठी, त्याच नारीन नदीवर. म्हणजे एका हातात तळ, दुसऱ्या हातात धरण. विमानाचं इंधन आणि घरातली वीज एकाच टेबलावर मांडलेली होती. रशियाकडून ४५ कोटी डॉलर आले. जूनमध्ये बाकियेवनी अमेरिकेशी नवा करार केला. तळाला ‘ट्रान्झिट सेंटर’ असं नाव दिलं आणि वार्षिक भाडं १ कोटी ७४ लाखांवरून ६ कोटींवर नेलं. धरणाचे पैसे काही आले नाहीत. धरण नाही, जलाशय रिकामा, दर दुप्पट. पैशाची ही साखळी जुळवली तर इंधन आणि वीज या वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. पण मनासचा अहवाल कंत्राटाच्या कुंपणाबाहेर जात नाही, कारण त्याला प्रश्न विचारणारा अमेरिकी करदाता होता. नारीनची म्हातारी नव्हती.

कालक्रमाचीही एक गोष्ट. १ एप्रिल २०१० ला रशियाने किर्गिझस्तानला जाणाऱ्या इंधनावर निर्यातकर लावला आणि सहा दिवसांत सरकार पडलं. हे दोन दिवस शेजारी ठेवून ‘मॉस्कोने पाडलं’ असं लिहिणारे भरपूर. पण नारीनचा मोर्चा त्याच्या तीन आठवडे आधीचा आहे. करामुळे आग भडकली असेल, लागली नाही. रशियन वाहिन्यांनी मार्चमध्ये बाकियेव कुटुंबाविरुद्ध मोहीम उघडली होती, तिचं वजन मोजायचं तर वेगळं मोजा.

आणि हाच न्याय माझ्या बाजूच्या युक्तिवादालाही लावा. ६ एप्रिलला उठाव सुरू झाला तो तलासमध्ये. तलास तर विकलेल्या वीजकंपनीच्या इलाख्यात. वा! सिद्ध झालं! थांबा. त्या दिवशी तलासमध्ये ठिणगी पडली ती आता-मेकेन पक्षाचे नेते बोलोत शेरनियाझोव यांना ताब्यात घेतल्यामुळे. त्यांचे तिथे समर्थक होते, संपर्क होते. स्कॉट रॅडनिट्झ यांनी ‘वेपन्स ऑफ द वेल्दी’मध्ये २००५ च्या उठावाबद्दल दाखवलं आहे की स्थानिक बड्या माणसांची गावातली जाळी लोकांना बाहेर काढतात. २०१० च्या तलासलाही हे लागू पडतं का, हे तपासल्याशिवाय वीजकंपनीचा नकाशा आणि उठावाचा नकाशा एकमेकांवर ठेवून मोकळं होता येणार नाही. राग सगळ्या थंड गावांत होता, उठाव सगळीकडे नाही झाला.

हे सगळं घासाघीस करून का बघायचं? कारण त्या उठावानंतर दोन महिन्यांत, जूनमध्ये, ओश आणि जलालाबादच्या भागात जे झालं त्यात चारशेहून जास्त माणसं मेली, बहुसंख्य उझबेक. हजारोंची घरं गेली. एप्रिलची गोष्ट ‘तेलाचा पैसा आणि परकी सत्ता’ एवढीच सांगितली तर जूनकडे जाणारा रस्ता त्या गोष्टीत कुठेच दिसत नाही. सत्ता रिकामी पडली तेव्हा दक्षिणेत कोण कशाला घाबरत होतं, याचं उत्तर कंत्राटाच्या फाईलमध्ये नाही.

या विषयावर प्रस्ताव लिहायचा विचार असेल तर रशियन वाचता येणं गरजेचं आहे, निदान बातमी वाचण्यापुरतं. आकीप्रेस आणि २४.केजी या बिश्केकच्या वृत्तसंस्थांचं त्या काळातलं वार्तांकन बघा. दरवाढीचे सरकारी निर्णय, जलाशयाच्या पातळीचे आकडे, मेळाव्यांचे ठराव, हे तीन तारखेप्रमाणे एकाखाली एक लावा. काम कंटाळवाणं आहे. पण मार्गदर्शकांनी ‘कशावरून?’ विचारल्यावर तुमच्याकडे बोट ठेवायला जागा असेल.

आणि २०१० मध्येच अडकायचं नसेल तर पुढचं एक प्रकरण सुचवते. २६ जानेवारी २०१८, बिश्केकचं औष्णिक केंद्र ऐन कडाक्याच्या थंडीत बंद पडलं. काही महिन्यांपूर्वीच त्याचं आधुनिकीकरण पूर्ण झालं होतं, ३८ कोटी ६० लाख डॉलरच्या चिनी कर्जातून. दोन माजी पंतप्रधानांवर खटले चालले. तिथे दाखले, जिब्राल्टर, लपलेले मालक असलं काही शोधावं लागलं नाही. खर्चाच्या यादीत एका पक्कडीची किंमत ३२० डॉलर लावलेली होती.